उसनी गाय

सोळा वर्षं खाणीच्या बंद खोलीत बसून
मी हिऱ्यांची वजनं लिहिली.
हिरा चरत नाही, आजारी पडत नाही,
रात्रीचा उठून कुंपणापलीकडे जात नाही.
एकदा लिहिला की लिहिला.

मग खाणीनं माणसं कमी केली
आणि हातात आलेल्या पैशांच्या
मी चार गाई घेतल्या,
लेत्लाकानेच्या लिलावात, एका दमात,
दात न बघता.

दात बघितले म्हाताऱ्या त्शेनोलोनं.
एकेकीचा ओठ उचलून अंगठा फिरवला.
पहिल्या दोघींपाशी काही बोलला नाही,
तिसरीपाशी खोकला,
चौथीपाशी म्हणाला,
"पोरी, हिला गवत भिजवून घालावं लागेल."

बोअरवेलचा हिस्सा दर महिन्याला, डिझेल वेगळं.
कुंपण काट्यांच्या फांद्यांचं, स्वतः ओढून आणलेल्या.
कोपरापर्यंत ओरखडे,
आणि बँकेतल्या मुलीनं सही करताना विचारलं,
मांजर पाळलंय का?

वही मात्र मी खाणीसारखीच आखली.
क्रमांक एक : तांबडी.
क्रमांक दोन : तांबडी.
क्रमांक तीन : तांबडी.
क्रमांक चार : तांबडी, बोळकी.

रोज संध्याकाळी मी दाराशी उभी राहून मोजायची.
त्शेनोलो मोजत नाही.
धूळ खाली बसू देतो, डोळे किलकिले करतो
आणि सांगतो,
"ती मागं वळून बघणारी आज आली नाही."
मी आलेल्या मोजते.
त्याला न आलेली दिसते.

पाचवी गाय आत्याची.
गालेबोए आत्यानं ट्रकमधून पाठवली, सोबत निरोप :
सांभाळ.
आमच्याकडे याला माफिसा म्हणतात.
गाय तिची, वासरू तिचं, दूध माझं,
शेण ज्याच्या पायाला लागेल त्याचं.
ही पांढरी, पोटावर काळे ठिपके,
बोलावलं की येत नाही, नाही बोलावलं की येते.
तिला मी क्रमांक दिला नाही.
उसन्याला कसला क्रमांक.

ऑक्टोबरात, पाणी हौदाच्या तळाला असताना,
तीच आली नाही.
या वेळी मला न मोजता कळलं.

बॅटरी घेऊन मी मोपानेच्या झुडपांत शिरले.
कोल्हा कुठंतरी ओरडत होता,
आणि मी, जिला सोळा वर्षं
दोन पहारेकऱ्यांशिवाय दार उघडायची मुभा नव्हती,
एकटी चालत होते, एका जनावराला हाका मारत,
जिला अजून नावही नव्हतं.

सापडली तेव्हा ती वासराला चाटत होती.
वासरू ओलं, पायांचा गुंता झालेला,
उठायचं, पडायचं,
पुन्हा चुकीच्या टोकाला आचळं शोधायचं.
मी मदतीला वाकले तर तिनं शिंग दाखवलं.
मग मी लांब बसले.
वार पडेपर्यंत, तांबडं फुटेपर्यंत
काही न करता बसून राहणं
हे पहिलंच काम मला त्या वर्षी नीट जमलं.

माझ्या चौघींपैकी एकही गाभण राहिली नव्हती.

रविवारी आत्या मिनीबसनं आली,
चर्चच्या कपड्यांत, पर्समध्ये चाकू.
कानाला खूण करायची म्हणजे तिची झाली,
असा रिवाज.
तिनं कालवडीचा कान दोन बोटांत धरला,
उन्हाकडे करून बघितला, आत शिरा दिसत होत्या.
मग माझे हात बघितले.
बराच वेळ.
"कान लहान आहे अजून," म्हणाली
आणि चाकू पुन्हा रुमालात गुंडाळला.
चहात चीक घातला म्हणून मला रागावली,
आणि दोन कप प्याली.

ती गेल्यावर वही काढली.
कालवड. कपाळावर पांढरं.
'मालक' या रकान्यापाशी पेन थांबलं,
तिथं शाईचा ठिपका पडला, तो तसाच आहे.

बाहेर चौथी
भिजवलेलं गवत खात होती,
सावकाश,
हिरड्यांनी.