पाच लिटर

आस्लाक दीडशे लिटर गाळायचा,
नाताळाच्या आधी, तांब्याच्या हंड्यात.
तो हंडा उचलायला दोन माणसं आणि एक शिवी लागायची.
आता तो कोठारात पालथा पडलाय,
वर मांजर झोपते.
माझ्याकडे सुपाचं पातेलं आहे,
काठोकाठ भरलं तर पाच लिटर.
आणि नाताळाची वाट कोण बघणार, ऑगस्ट आहे.

जुनिपरच्या फांद्या मीच तोडल्या,
कुंपणापलीकडच्या, फळ न धरलेल्या.
उकळल्यावर स्वयंपाकघराला
ओल्या रानाचा वास आला, आणि जरासा त्याच्या स्वेटरचा.
त्याबद्दल एवढंच.

माल्ट भिजवला, पातेलं घोंगडीत गुंडाळलं
तापाच्या पोरासारखं.
पहिला रस चिकट, तपकिरी, गोड.
बोट चाटलं. पुन्हा चाटलं.
थर्मामीटर त्याच्या खोक्यात आहे,
खोक्याला कुलूप नाही,
तरी मी कोपरच बुडवते,
तान्ह्याच्या अंघोळीला बुडवतात तसं.
अंगाइतकं कोमट. आता.

विरजण खिळ्याला टांगलेलं:
लाकडी कड्यांची माळ, त्याच्या आजोबांनी कोरलेली,
खाचाखाचांत वाळलेली पांढुरकी साय.
ती आत सोडायची आणि ओरडायचं.
हो, ओरडायचं. इकडे व्होसला जुने लोक ओरडतच आलेत,
आरोळी जेवढी मोठी तेवढी बिअर जोरकस,
नाहीतर विरजण झोपून राहतं म्हणे.
आस्लाक ओरडला की
तळ्यापलीकडची कुत्री उत्तर द्यायची.
मी तेव्हा वर खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असायचे.
एकेचाळीस वर्षं, घड्या.

रात्रीचे पावणेअकरा. डोंगरावर उजेडाची शेवटची चिंधी.
तोंड उघडलं तर आधी खोकला आला,
मग "ए" असं काहीतरी,
बसमध्ये कुणी पाय तुडवल्यावर म्हणतो तसं.
माळ बुडाली. पातेलं गप्प.
मग कुठून आलं कोण जाणे,
बेंबीच्या देठापासून,
कपाटातल्या बश्या किणकिणल्या,
मांजर गेली ती सकाळीच उगवली.

पाच मिनिटांत शेजारचा स्वेरे दारात,
एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा,
हातात फावडं.
"पडलीस का?"
"बिअर करतेय."
त्यानं फावडं भिंतीला टेकवलं.
"किती?"
"पाच लिटर."
"एवढ्याशासाठी एवढं?"

तिसऱ्या दिवशी फेस खाली बसला.
उल्विकच्या बागेतून आंबट चेऱ्या आणल्या, सव्वा किलो.
आस्लाकनं हे चालू दिलं नसतं.
फळ मुरंब्यात, म्हणायचा, बिअर बिअरमध्ये.
स्वेरेनं बिया काढल्या, माझ्या केसांच्या आकड्यानं,
एकेक, जीभ दातांत धरून,
आणि घरी गेला तेव्हा त्याच्या कॉलरवर
मारामारीहून आल्यासारखे डाग.

फळं टाकायच्या आधी माळ फेसात घोळवून
बाजूला काढायची असते.
मी विसरले.
दहाव्या दिवशी तळाच्या गाळातून ती ओढून काढली,
तेव्हा आजोबांच्या खाचा लाल झाल्या होत्या.
धुऊन जाईना. फार धुतलीही नाही.

बाटल्या बारा भरल्या, उरल्या अकरा.
एक रात्री तळघरात फुटली, बंदुकीसारखी;
या वेळी स्वेरे आला नाही.
सकाळी म्हणाला, वाटलं तूच असशील.

चव आंबट, जरा धुरकट,
शेवटी चेरीच्या बीसारखं काहीतरी कडू, जिभेच्या मुळाशी.
स्वेरेनं ग्लास संपवला,
खिडकीतून बराच वेळ त्या उलट्या हंड्याकडे पाहिलं.
"मुरंबा नाही झाला," म्हणाला.
आमच्याकडे स्तुती एवढीच असते.

माळ पुन्हा खिळ्यावर आहे.
खाली भिंतीवर एक गुलाबी ओघळ, वाळलेला.
पुढची खेप कधी, त्यानं विचारलं.
प्लम पिकले की, म्हटलं,
आणि तेव्हा तू ओरड.
मला नाही जमायचं, म्हणाला.

मग कपड्यांच्या घड्या घालता येतात का, मी विचारलं.