सुरंगी, काळ्यावर

वेंगुर्ल्यात, झेरॉक्सच्या दुकानात,
दुपारी दीड ते चार गिऱ्हाईक नसतं.
तेव्हा मी फुलं काळी करतो.

आधी फोटो. आसोलीची सुरंगी,
फांदीलाच खेटून फुटलेली, एका पाकळीवर मुंगळा.
रंग काढून टाकतो. पिवळा जाताना थोडा थांबतो,
परागांत अडकल्यासारखा.
मग वर काळा थर, आणि माउसनं
एकेक रेघ खरवडत खालचा उजेड वर.

शाळेत हे मेणाच्या खडूंनी करायचो,
कर्कटकाच्या टोकानं. नखांत काळं राहायचं,
जेवताना बाबा हात बघायचे.
आता नखं स्वच्छ. चुकलं तर मागे जाता येतं,
रेघ बुजते,
जणू कुणी ओरखडलंच नव्हतं.

वासाचं काय करायचं, ते अजून जमलेलं नाही.

काल सगुणा गावडे आली, रेशनकार्ड घेऊन.
पहाटे साडेतीनला बॅटरी लावून झाडावर चढते ती,
कळी उमलायच्या आत.
स्क्रीनकडे बघत राहिली.
"ह्या फूल खंयचा?"
तुमच्याच झाडाचं, म्हटलं.
हसली. काचेवर कार्ड ठेवायला हात पुढे केला:
कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा,
बऱ्याच जुन्या, दोन ओल्या.
"मगे ह्या माझ्याकडे आसा."

झाकण तिनंच दाबून धरलं.
हिरवा उजेड तिच्या हाताखालून सरकत गेला.

दोन रुपये झाले.
संध्याकाळी फाईल उघडली तर
मुंगळा पुसायचा राहिला होता.
राहू दिला.