सड्यावरचा ठिपका

देवगडच्या सड्यावर, दीपस्तंभाच्या खालच्या अंगाला
करवंदीच्या जाळीआड माझी बैठक.
कंत्राटी. महिना अठरा हजार, बॅटऱ्या खात्याच्या.
ड्रोन वर जातो.
दहा वाव पाण्याच्या आत पर्ससीन कोण टाकतंय,
कोणाच्या दिव्यांनी रात्रीचा समुद्र भाजून निघतोय,
बघून येतो. नाव, नंबर, वेळ.

नियम वाईट नाही.
आभाळात जे उडतं त्याला ओळख हवीच.
नव्या पोरांना मीच शिकवते:
दर सेकंदाला तो सांगत असतो,
मी अमुक, इतक्या उंचीवर,
आणि मला उडवणारी इथे.

हे "इथे" मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं.

काल सहा-दहाला फोन. आवाज मऊ, घरातला वाटावा असा.
"बाय गो, सड्यार वारो लय असा.
एकटीच बसलंस. च्या धाडू?"

नंबर काय, गावात कोणीही देतं.
पण जाळीआडची जागा?

खाली खाडीच्या तोंडाशी सात होड्या.
एकीवर कोणीतरी मोबाईल उंच धरलेला,
रेंज शोधताना धरतात तसा.
त्याच्या पडद्यावर दोन ठिपके असणार.
एक फिरता.
एक मी.

उठले. कातळावरून शंभर पावलं दक्षिणेला गेले,
ओढणीत कंट्रोलर लपवून,
जसं काही तो डोळ्यांनी शोधत होता.

बॅटरी बावीस टक्के.
सात होड्यांचे नंबर अजून घ्यायचेत.

फोन पुन्हा वाजला.