अत्तीवेरी, मग मुंडगोड

कल्लाप्पाची जीप, खानापुरातनं पहाटे,
आम्ही पाच जण, दुर्बीण एक.
तळ्यात चमचे पाठ करून उभे,
चोचीनं चिखल ढवळत.
भरमूला पट्टकदंब हवा होता.
नव्हता.

दुपारी मुंडगोडला, सोनेरी बुद्धापुढे
लोण्याच्या दिव्यांची धग.
बाहेर चपलांपाशी बसलेला म्हातारा लामा
आमच्या तोडक्या कानडीला हसला,
स्वतः हुबळीच्या बाजारातली कानडी बोलला:
“तो पक्षी? हिमालयावरनं येतो.
त्याच वाटेनं आई आली, चालत,
मी पोटात होतो.”

मग कोणीच काही विचारलं नाही.
भरमूनं गळ्यातली दुर्बीण काढून
त्याच्या हाती दिली.
त्यानं ती उलटी धरली,
आणि हातभर अंतरावरल्या आम्हाला
बराच वेळ
लांब, बारीक
बघत राहिला.