बर्फाखालचे नऊ खळगे

ऑक्टोबर संपताना आम्ही झेंडे उपटून आणतो,
नऊच्या नऊ,
आणि सामानाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवतो
ओल्या छत्र्यांसारखे.
मग मे उजाडेपर्यंत मैदान बर्फाचं.
केमीच्या उत्तरेला गोल्फ शिकवणाऱ्या माणसाला
अर्ध्याहून जास्त वर्ष काम नसतं.
लोक विचारतात, काय करतोस?
मी सांगतो, विचार.

हेल्मी रौतियो नेमकी झेंडे काढले त्या दिवशी आली.
वय सदुसष्ट. लाकडाच्या गिरणीत एकतीस वर्षं क्रेनवर.
म्हणाली, शिकव.
आता? कशावर?
तिनं खांदे उडवले.
थोडं गमतीनं, थोडं फी बुडू नये म्हणून
मी तिच्या हातात सात नंबरचं आयर्न दिलं.
फिरव.

फिरवलं तिनं, आणि मी गप्प झालो.
वजन उजव्या टाचेवरून डाव्या टाचेवर असं गेलं
जसं भरल्या घागरीतलं पाणी
कलतं, पण सांडत नाही.

गवत कापायची म्हणे, आईच्या मागे,
पहाटे, दंव असेतो,
लांब दांड्याचा विळा, उजवीकडून डावीकडे.
आई ओरडायची :
हातानं ओढलंस की दुपारपर्यंत मेलीस.
कंबरेनं काप.

पन्नास वर्षं कुठं होता तो विळा?
क्रेनच्या खुर्चीत, बाळंतपणांत, नवऱ्याच्या आजारात
कुठल्या सांध्यात गुंडाळून ठेवला होता?

पण जुनी विद्या पाहुण्यासारखी येते,
न बोलावलेले चार नातलग सोबत घेऊन.
विळा जमीन सोडत नाही; इथं आभाळाकडे जायचं असतं.
आणि तिची नजर सारखी पुढं,
उभ्या गवतावर,
पायाशी पडलेला चेंडू जसा काही कापून झालेला.

घरी जा, मी म्हटलं.
डोळे मीट. रोज खेळ.
चालायला जितका वेळ लागतो तितका लागू दे.
हसली. मनातले मांडे?
हो, पण नुसते खायचे नाहीत.
लाटायचेही. बोट भाजलं पाहिजे.

जानेवारीत, रात्री अकराला, फोन.
"चेंडू तळ्यात गेला."
कुठल्या?
"चौथ्याच्या. तीन दिवस रोज तिथंच जातोय."
तळं तुझ्याच डोक्यातलं ना? मग बुजव.
"नाही बुजत."

बाहेर उणे सव्वीस.
आणि नदीपलीकडे एक बाई
नसलेल्या चेंडूसाठी नसलेल्या पाण्याच्या काठी उभी.
मला हसू येईना.
विचारलं, तू बघतेस कुठून?
"बाजूनं. माझं निळं जाकीट दिसतं."
मग आत ये.
जाकीट दिसता कामा नये.
फक्त मनगटं. बुटांची टोकं. चेंडूवरची चिखलाची टिकली.

खूप वेळ नुसता श्वास.
"पलीकडं," ती म्हणाली
आणि फोन ठेवला.

मे महिन्यात चौथ्यावर
पहिला चेंडू पाण्यात.
दुसराही.
मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो,
पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असलं काही.
ती म्हणाली, "आपल्या तळ्यापेक्षा हे रुंद आहे,"
आणि खिशातून तिसरा काढला.
ठेवला. बघितला.
घागर कलली.
चेंडू गेला, फार ऐटीत नाही,
पलीकडच्या लव्हाळ्यात जेमतेम कोरडा.
ती चालायला लागली होती आधीच,
हिवाळाभर रोज चालल्यासारखी.

त्या रात्री मी पडल्या पडल्या डोळे मिटले
आणि जन्मात कधी न धरलेला विळा धरला.
पहिल्यांदा मी मलाच दिसलो, बाजूनं, बावळट.
मग आत गेलो.
दंव होतं. दांडा ओला.
हातानं ओढत होतो, कळत होतं, तरी ओढत होतो.
गवत वाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं.
केव्हातरी एक पट्टा पडला.

सकाळी कंबर दुखत होती.
बायकोनं विचारलं, काय केलंस?