दारावरचा माणूस

रिपोर्टवर एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली लाल रेघ.
सिंदेवाहीच्या दवाखान्यात उईके मॅडम म्हणाल्या,
"काका, तेल कोणतं खाता?"
म्हटलं, गिरजा ओतते ते.

मग त्यांनी पावतीच्या पाठीवर दोन चित्रं काढली.
एकीला एक चिकटलेल्या खोल्या,
आग्या मोहोळ अर्धं झडल्यावर राहतात तशा.
"हे कोलेस्टेरॉल. अन् हे झाडाच्या घरचं, स्टेरॉल."
मला दोन्ही एकच दिसले.
"आतडंही असंच फसते," त्या हसल्या.
"हे आधी जागा धरते,
त्याला आत शिरायला वावच नाई राहत."
"मग हे शिरते का?"
"नावापुरतं. बाकीचं तेही बाहेर."

आता हे मला कोणी शिकवावं!
बत्तीस वर्षं मंडईच्या नाटकांना
तंबूच्या दारावर उभा होतो मी, तिकिटं फाडत.

आमच्या कंपनीत आसाराम नाकाडे होता, प्रॉम्प्टर.
नाकडोळे थेट हिरोचे, मिशीही तीच, चालही.
पहाटे नाटक सुटलं की पब्लिक दारावर तुटून पडायची,
तेव्हा मी आधी आसारामला सोडायचो.
जीपमध्ये तो बसायचा, हार त्याला, शिट्ट्या त्याला,
आणि खरा हिरो कनात उचलून
मागच्या बांधीतून, चपला हातात घेऊन, पसार.
पुढच्या नाल्याजवळ जीप थांबायची.
आसाराम उतरायचा,
हार ड्रायव्हरकडे द्यायचा,
दवातून एकटा चालत परत यायचा.
पत्रकावर त्याचं नाव कधी छापलं नाही.
मीही कधी म्हटलं नाही, छापा म्हणून.

यंदा धान उभं असतानाच बांधीत जवस फेकला होता.
सकाळी सगळं निळं असतं,
दुपारी जाऊन पाहावं तर पाकळ्या चिखलात.
गिरजा तव्यावर जवस भाजते, तो तडतड उडतो,
लसूण, तिखट, मीठ घालून पाट्यावर रगडते.
गोळी सुरूच आहे. सोडायची नाही,
मॅडमनी दोनदा बजावलं,
चटणीनं सगळंच भागत नाही म्हणाल्या.

तरी पहिल्या घासाला
माझ्या तोंडून निघून जातं,
"बस रे आसाराम, धर जागा."

गिरजा वळून पाहते. "कोनासंग बोलता?"

दाढेत एक दाणा अडकलेला असतो.
जिभेनं तो काढत मी म्हणतो,
"आमच्या कंपनीतला आहे एक."