फुल तिकीट

साडेसहाची आर्वी–वर्धा पिंपळखुट्याच्या पुढे गेली
की गुणवंत सव्वालाखे सीट सोडून
माझ्या बाजूच्या दांड्याला येऊन लटकतात.
'तं मंग इखारबाई, त्या झुरीकचं सांगा नं.
झुरीक म्हंजे झुरून मराचं गाव काय वं?'

तसंच काहीसं, म्हणते मी, आणि पाच फाडते मोरांगण्याची.

भाची तिथे शिकते, तेजल. स्कॉलरशिपमधून साठवून
तिनं माझं विमान काढलं. बाकीचं तू बघ, म्हणाली.
बाकीचं म्हणजे नऊ दिवस
आणि ब्लाउजच्या आत, रुमालात बांधलेले
एकशे दहा फ्रँक.

पहिल्या दिवशी मी भाव वाचत हिंडले, गुणिले शंभर करत.
कॉफी : साडेपाचशे.
म्हणजे एका कपात अकरा बाया
आर्वीहून वर्ध्याला, अर्ध्या तिकिटावर,
डबे, पोरं, पिशवीतली कोंबडी धरून.
काचेतून त्या कपाकडे पाहिलं
तर आत उभं राहायला जागा नव्हती.
पुढे निघाले.

पाणी मात्र फुकट. चौकाचौकात दगडी हौद,
फ्रिजसारखी गार धार. मी चार-चार बाटल्या भरायचे.
मग कळलं, प्यायला फुकट
आणि सोडायला दोन फ्रँक.
'अवं माय!' पर्वताबाई तोंडाला पदर लावतात,
'एखांदं वावर नोहोतं काय कुठी?'
नव्हतं. सगळीकडे फुलं लावली होती.

ज्वारीचं पीठ इथूनच नेलं होतं, चार किलो.
तिसऱ्या रात्री झुणक्याची फोडणी टाकली
तर छताची डबी किंचाळली, आणि चार मजले
चपला न घालता रस्त्यावर.
तेजल रडकुंडीला आली.
एक उंच पोरगा तेवढा परत येऊन विचारत होता
उरलंय का.

संध्याकाळी सातनंतर दुकानात
शिळ्या होऊ घातलेल्या पावावर
पिवळा कागद चिकटवतात : निम्मी किंमत.
म्हटलं, चला, इथे पावालाही
हाफ तिकीट आहे.
तो पाव घेऊन तळ्याकाठी बसायचे.
तळं कोणी मोजून देत नव्हतं.

पण ट्रॅम.
निळी, चकचकीत, आवाज न करता थांबायची
आणि तिच्यात कंडक्टर नाही!
बारा फेऱ्या उभ्यानं पाहिल्या. कोणी चढतं, कोणी उतरतं,
कोणी कोणाला विचारत नाही.
सव्वीस वर्षं ज्या प्रश्नावर मी घर चालवलं
तो प्रश्नच त्या गावात नव्हता.
आठ दिवस चालले. टाचा फुटल्या.
फुकट्यासारखी चढू शकले असते, मनात आलं नाही असं नाही.

नवव्या दिवशी तिकीट काढलं. चारशेच्या वर.
खिडकीशी बसले, ताठ,
तिकीट दोन बोटांत धरून, वर,
म्हणजे येणाऱ्याला दिसावं.
पूल गेला, बाजार गेला, घड्याळांची दुकानं गेली,
शेवटचा थांबा आला, परतीचा सुरू झाला.
कोणी आलं नाही.
एवढं महागाचं तिकीट माझ्या हातात
आणि कोणी नुसतं 'दाखवा' म्हटलं नाही.
तेजलला सांगितलं नाही, पण खाली उतरल्यावर
मला थोडं रडू आलं.

'आहे का ते तुमच्यापाशी?' सव्वालाखे विचारतात.

बॅगच्या आतल्या कप्प्यात आहे.
दिलं त्यांना. त्यांनी चष्मा लावला, उलटं धरलं, सुलटं धरलं,
पर्वताबाईंकडे दिलं. तिथून मागे,
नर्सिंगच्या पोरींकडे, त्यांच्याकडून दूधवाल्याकडे,
एकानं उजेडात धरून पाहिलं,
एकानं तारीख वाचली,
एका लहान्यानं चावून.
खरांगण्याच्या घाटात अख्खी बस
माझं तिकीट तपासत होती.

परत आलं तेव्हा कोपऱ्याला चुना लागलेला.

'हाफ होय का फुल?' सव्वालाखे म्हणाले.
फुल, म्हटलं.
'बराबर हाय,' ते म्हणाले. 'बसा.'

आंजी! आंजीवाले पुढे या.